बी साइडचं शेवटचं गाणं

"पूर्ण ऐका, मग बोला." आमच्या डॉक्टरांचं हे वाक्य. म्हणताना डावा हात वर करून ते समोरच्याला थांबवायचे आणि उजव्या हाताची बोटं टेबलावर वाजवायचे. टक-टक, थोडं थांबून टक. परत टक-टक, टक. कुठल्याच तालात न बसणारा तो ठेका. मी नगर जिल्ह्यात नेवाशाजवळच्या घोडेगावला जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून रुजू झाले, त्याच दिवशी तो ऐकला आणि वाटलं, हे आपण आधी कुठेतरी ऐकलंय. कुठे, ते काही केल्या आठवेना. मग कामाच्या रगाड्यात विसरून गेले.

वाक्य तसं शेतकऱ्यांसाठी होतं. तुम्ही कधी जनावरांच्या दवाखान्यात बसला असाल तर ठाऊक असेल, माणूस गाय तपासणीच्या खोड्यात घालायच्या आधीच रोग सांगून मोकळा होतो. "डॉक्टर, हिला नजर लागलीय." "डॉक्टर, हिनं कायतरी खाल्लंय, इंजेक्शन द्या न् मोकळं करा." डॉक्टर त्याच्याच कानाला स्टेथोस्कोप लावायचे, दुसरं टोक गायीच्या डाव्या भकाळीवर, बरगड्यांमागच्या खोलगट जागेवर, धरायचे आणि म्हणायचे, "पूर्ण ऐका, मग बोला." आत पोटाचं घुसळण चाललेलं. माणूस थक्क. इतकी वर्षं गाय सांभाळली, पण तिच्या आत एवढा गोंधळ चालतो हे त्याला ठाऊकच नसायचं.

आता दुसरा गोंधळ सांगते. रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात मागच्या खोलीतून आवाज आला. घरघर, करकर, मध्येच पत्रा फाटल्यासारखं काहीतरी. मला वाटलं, गेला लसींचा फ्रिज. धावत गेले आणि आधी त्याचा प्लग उपटला. आवाज चालूच. फ्रिजवर एक जुनाट टेप ठेवलेला आणि बाजूला डॉक्टर, डोळे मिटून, हातात चहाचा कप.

"मॅडम," ते डोळे न उघडता म्हणाले, "फ्रिज चांगला होता. तो तुम्ही बंद केलात. हे संगीत आहे."

मी अकोल्याकडची, विदर्भातल्या नाही, नगरच्याच डोंगरातल्या. आमच्याकडे तोंडावर बोलायची पद्धत आहे. म्हटलं, "सर, ह्याला संगीत म्हणत असतील तर माझं नाव बदला."

"पूर्ण ऐका," ते म्हणाले, "मग बोला." आणि मी फ्रिजचा प्लग परत लावेपर्यंत ते गाणं संपलंसुद्धा. फार छोटं होतं, एवढंच काय ते कौतुक.

मग हळूहळू सगळी हकीकत कळली. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात, पडीक गोदामांतून आणि तळघरांतून काही पोरापोरींनी काढलेलं हे रॉक. गिटार रीतसर शिकायची नाही, सूर जुळवायचे नाहीत, गाण्याला मुखडा द्यायचा नाही, ऐकणाऱ्याला गोंजारायचं तर अजिबात नाही. थोड्याच दिवसांत ती मंडळी आपापल्या वाटेने गेली आणि मागे मोजक्या रेकॉर्डी उरल्या. त्यातल्या काही एका कॅसेटवर उतरून पशुवैद्यकीय कॉलेजच्या वसतिगृहातल्या एका कपाटात येऊन पडल्या होत्या. कपाट डॉक्टरांच्या वाट्याला आलं. आधीचा मुलगा शिक्षण अर्धवट टाकून निघून गेला होता आणि त्याचं नावही कोणाला धड आठवत नव्हतं. कॅसेटवर कागद नाही, अक्षर नाही. फक्त आवाज.

"गोड तर सगळेच वाजवतात, मॅडम," ते मला म्हणाले. "दुखतंय तसं कोण वाजवतं? गाय अडली की सुरात हंबरते का?"

त्या कॅसेटवरचं एकेक गाणं कोणाचं, हे शोधण्यात त्यांनी निम्मं आयुष्य घालवलं. तरुणपणी पुण्यातल्या कॅसेटच्या दुकानात जाऊन तोंडाने आवाज काढून दाखवायचे. दुकानदार पाणी द्यायचा आणि बसायला सांगायचा. पुढे इंटरनेट आलं आणि एकेक धागा हाती लागू लागला. एखादं गाणं सापडलं की दवाखान्यात पेढे. मी आल्यावरही एकदा वाटले. वासराला दाखवायला आलेल्या एका आजोबांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "नात झाली का नातू, डॉक्टर?"

"रेकॉर्ड सापडली, बाबा."

"बरं झालं," आजोबा म्हणाले. "हरवलेली वस्तू सापडावी माणसाला."

घरी हे सगळं बंद होतं. नगर शहरात, सावेडीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एकदा त्यांनी टेप लावला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बाई मिक्सर दुरुस्त करणाऱ्याचा नंबर घेऊन खाली आल्या होत्या. त्यांच्या बायकोने त्या दिवशी हात जोडले आणि टेप घोडेगावला आला. तसा संसार मजेचा होता हो. वहिनी डब्यात रोज दोन पोळ्या जास्त घालायच्या, माझ्यासाठी, कारण "ते सगळं तुला ऐकावं लागतं."

खोटं कशाला बोलू, मला पहिले कित्येक महिने त्यात काही कळलं नाही. मग एका दुपारी शिंगव्याच्या वाटेवरच्या वस्तीवर एक म्हैस अडली होती. रेडकू उलटं. दोघांनी मिळून ओढाताण करून ते बाहेर काढलं, आणि ते जगलं. परत आलो तेव्हा अंगावरचे कपडे पिळावेत असे झालेले, रेडकू ओढायची दोरी मी अजून मुठीत आवळून धरलेली. डॉक्टरांनी टेप लावला. काय सांगू तुम्हाला. माझ्या अंगात अजून जी ओढाताण चालली होती, ती तिथे बाहेर वाजत होती. गाणं संपलं आणि मी दोरी खाली ठेवली.

"लागलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"लागलं," मी म्हटलं. त्या दिवसापासून मी त्या टेपची झाले.

पण कॅसेटच्या बी साइडचं शेवटचं गाणं ते मला ऐकवत नव्हते. त्यांचा तसा नियमच होता. आधीची सगळी ओळीने ऐकायची, पचवायची, मगच शेवटचं. कारण ते सगळ्यांत थोर आणि तेच एक सापडत नव्हतं. बाकी सगळ्यांची नावं-गावं लागली. ह्या एकाचं नाही. त्यांनी ते इंटरनेटवर टाकलं, तर जगभरचे त्यांच्यासारखेच खुळे त्याच्यामागे लागले. स्वीडनचा एक गृहस्थ तर त्यावर भलेमोठे लेख लिहीत होता. कोणी म्हणे हे अमुक तळघरात वाजवलेलं, कोणी म्हणे ढोल वाजवणारी बाई असणार.

"तेवढं सापडू दे, मॅडम," डॉक्टर म्हणायचे. "निवृत्त व्हायच्या आत. मग मी मोकळा." हे म्हणताना ते हसत नसत. एरवी प्रत्येक गोष्टीला हसणारा माणूस तिथे एकदम लहान मुलासारखा व्हायचा, आणि मलाही वाटायचं, देवा, सापडू दे ह्यांचं एकदाचं.

शेवटी माझी पाळी आली. जनावरांचा बाजार नव्हता, खोडा रिकामा, दुपारची वेळ. डॉक्टरांनी दार लोटलं, टेप पुसला, कॅसेट घातली.

सुरुवातीला नुसती घुमघुम. मग वरून चाळणी हलावी तशी सळसळ. मग ठेका. टक-टक, टक. टक-टक, टक.

आणि मला शिंक आली.

हसू नका. खरंच आली. माझ्या नाकात कोंडा गेला होता, निदान नाकाला तसं वाटलं. मी एवढीशी होते, पोत्यावर बसले होते, आईचा पदर हातात होता, आणि समोर आमच्या गावातली भात भरडायची गिरणी चालली होती. तो ठेका ढोलाचा नव्हता. गिरणीच्या पट्ट्याला दोन सांधे होते आणि ते चाकावरून जाताना तसे आपटायचे. दुसऱ्या कुठल्याही गिरणीचा पट्टा तसा वाजत नाही. पहिल्या दिवशी टेबलावर ऐकलेला ठेका मला का ओळखीचा वाटला, तेही आता कळलं.

डॉक्टर डोळे मिटून मला समजावत होते. "ठेका मुद्दाम लंगडा ठेवलाय, बघा. आणि आता शेवट ऐका. सगळे एकदम हात काढून घेतात, आणि आवाज आपोआप खोल खोल जात विझतो. एवढी हिंमत कोणात आहे?"

गिरणीवाल्याने इंजिन बंद केलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, नगर जिल्ह्यातच राहणाऱ्या माणसाला हे कसं कळलं नाही? अहो, इकडे नेवाशाकडे ऊस, कांदा, बाजरी. पिठाची गिरणी गल्लोगल्ली, पण भाताची गिरणी इथे पाहिलीय कोणी? अकोल्याच्या डोंगरातलं कुठलंही शेंबडं पोर ऐकताक्षणी सांगेल. पण ते पोर इथे येऊन बी साइडपर्यंत पोहोचायला तर हवं.

मी नुसतं "छान आहे, सर," म्हटलं आणि घरी आले. जेवण गेलं नाही. ज्या गाण्यासाठी माणसाने जग पालथं घातलं, त्याला सांगायचं की ते आमच्या गावच्या गिरणीचं आहे? कोसळेल की बिचारा. तोंड लपवेल त्या स्वीडनवाल्यापुढे. मी आईला फोन लावला.

"आगं मंग सांग की त्येंला," आई म्हणाली.

"आई, त्यांचा हिरमोड होईल गं."

"गिरनी सापडली म्हनून कुनाचा हिरमोड हुतो व्हय? चालू हाय अजून. मालक बी त्येच. पोरगा हुता तवा गुरांच्या डाक्टरकीला गेल्ता कालिजात. मंग बाप आजारी पडला न् आला माघारी, बसला गिरनीवर."

कपाटातली कॅसेट कोणाची होती, तेही आईने भाजी निवडता निवडता सांगून टाकलं होतं.

भावाला गिरणीवर पाठवलं आणि मोबाईलवर आवाज भरून मागवला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर बसले. त्यांनी तोंड उघडायच्या आधी मी डावा हात वर केला. "सर, पूर्ण ऐका, मग बोला."

मी मोबाईल लावला. घुमघुम, सळसळ, आणि ठेका. डॉक्टरांची उजव्या हाताची बोटं आपोआप टेबलावर चालू लागली आणि बरोबर जुळली. एकही टक इकडची तिकडे नाही. मग भावाचा आवाज, "बास का, ताई?" आणि मागून कोणीतरी म्हणतंय, "पोती सरकवा रं."

मी एका दमात सगळं सांगितलं. गिरणी, पट्टा, मालक, कॉलेज. सांगताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं. डॉक्टर उठले, बाहेर नळावर गेले आणि हात धुवायला लागले. हात स्वच्छच होते. मी मनात म्हटलं, झालं, मारलंस बये तू ह्या माणसाला.

ते परत आले. डोळे लाल होते, पण तोंडभर हसू. "म्हणजे," ते म्हणाले, "ते लोक अजून वाजवतात?"

रविवारी आम्ही निघालो. डॉक्टर, वहिनी, मी आणि मांडीवर टेप. संगमनेर ओलांडून अकोल्याच्या वाटेला लागलो, भाताची कापलेली खाचरं दिसायला लागली, तसे डॉक्टर मांडीवरचा टेप पुन्हा पुन्हा पुसायला लागले. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा हे एवढे घाबरले नव्हते."

गिरणीचे मालक दारातच उभे होते. भुवयांवर, कानांवर, मिशीवर कोंडा. डॉक्टरांनी नमस्कार केला. "जरा गिरणी चालू करता का?"

"भात कुठंय?"

"भात नाही. नुसती ऐकायची आहे."

"रिकामी चालवत न्हाई मी," मालक म्हणाले. "आतलं घासतंय. भात आना, चालू करतो."

झालं. एवढ्या लांब येऊन गाणं दारात अडलं. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी आईला हाक मारली. आईने कणगीतलं भात काढलं, भावाने दोन पोती गाडीवर टाकून आणली आणि नगरचे पशुवैद्यकीय अधिकारी खांद्यावर पोतं घेऊन गिरणीच्या पायरीवर चढले. मालकांनी बटण दाबलं.

डॉक्टर मध्यभागी उभे राहिले. कोंडा उडत होता, ते पांढरे होत होते, पायांखालची फरशी हलत होती आणि त्यांची बोटं मांडीवर चालली होती. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला रडू येत होतं, चांगलं रडू. वहिनींनी कानाला पदर लावला होता, पण बघत त्याही त्यांच्याकडेच होत्या. पोतं संपलं. मालकांनी बटण बंद केलं आणि आवाज खोल खोल जात विझला.

डॉक्टर म्हणाले, "दुसरं पोतं घाला."

नंतर चहा झाला आणि टेप लावला. मालक गाल हातावर टेकून ऐकत होते. गिरणी लागल्यावर त्यांचा कप तसाच राहिला.

"ही तर आमच्या बाबांच्या टायमाची," ते म्हणाले. "मीच भरल्याली. हास्टेलात झोप येत नव्हती हो मला. जलमापासून गिरनीच्या भिताडाला लागून झोपलेलो, तिकडं समदं सामसूम. सुट्टीला आलो तवा भरून नेली, रोज उशाला लावायचो. मंग एकानं त्याच क्यासेटीवर त्याची इंग्लिश गानी भरून दिली. मागं थोडी गिरनी उरली आसंल."

"तुम्हाला झोप यावी म्हणून भरली," डॉक्टर म्हणाले, "आणि तिने माझी झोप उडवली इतकी वर्षं."

दोघं जे हसायला लागले ते थांबेचनात. मग डॉक्टरांनी पट्ट्याला दोन सांधे का, ते विचारलं. मालक जरा ओशाळले. बाबांनी इंजिन हातभर लांब बसवलं होतं. पट्टा पुरेना म्हणून तुकडा जोडला. पुढे इंजिन जाऊन मोटर आली, ती त्याच ओट्यावर बसली. पट्टे बदलले, पण प्रत्येकाला तुकडा जोडावाच लागतो. "चूकच झाली ती बाबांची," मालक म्हणाले. "वटा फोडून सरळ करावं म्हनतो यंदा."

डॉक्टरांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "पाया पडतो तुमच्या," ते म्हणाले, "फोडू नका."

परत आल्यावर त्यांनी स्वीडनवाल्याला गाणं सापडल्याचं कळवलं. त्याने विचारलं, हा गट कधी स्थापन झाला आणि आता कुठे वाजवतो? डॉक्टरांनी लिहिलं, पूर्वी डिझेलवर वाजवायचे, आता विजेवर. हंगामात रोज, लाइट असेल तर. तो गृहस्थ म्हणे आनंदाने वेडा झाला. इकडे दवाखान्यात ह्या वेळी पेढे नव्हते. जो येईल त्याला ओंजळभर नवा तांदूळ. मी कागदाच्या पुड्या बांधून थकले. लोक विचारायचे, "कशाबद्दल, डॉक्टर?" आणि ते सांगायचे, "शेवटचं सापडलं."

पुढच्या साली दिवाळी झाल्यावर गिरणी सुरू झाली, त्या दिवशी मालकांचा मला फोन. "डाक्टर उचलत न्हाईत. त्येंला आवाज आयकवायचा हुता." डॉक्टर उचलणार कसे? त्यांचा हात खांद्यापर्यंत एका गायीत होता. मी मोबाईल त्यांच्या कानाला लावला. हात आत, कान मोबाईलला, डोळे मिटलेले. गायीचा मालक पलीकडून काळजीने विचारतोय, "गाभण हाय का?" आणि डॉक्टर म्हणतायत, "आहे, आहे, थांबा, सुंदर आहे." तेव्हापासून दर हंगामाला तो फोन माझ्याच नंबरवर यायचा.

डॉक्टर निवृत्त झाले तरी फोनच्या दिवशी सावेडीहून घोडेगावला यायचे. तिथेच ऐकायचं, हाही एक नियम. ह्या उन्हाळ्यात ते गेले. दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत. फारसं दुखलं-खुपलं नाही म्हणतात. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः फ्रिज घरघर करायला लागला की. टेप अजून त्याच्यावरच आहे. वहिनी म्हणाल्या, राहू दे, तुझाच तो.

गिरणीच्या मालकांना मीच कळवलं होतं. कधी, कसं, सगळं त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी या साली फोन नको करू का?"

"करा," मी म्हटलं.

परवा तो आला. आता खोड्याशी मी असते. माझा हात एका जर्सी गायीत होता आणि खिशात फोन वाजायला लागला. गायवाल्या दादांना म्हटलं, "तेवढा काढा आणि स्पीकरवर टाका." त्यांनी टाकला. आधी घुमघुम, मग सळसळ, आणि मग ठेका. ओटा फोडलेला नव्हता. गायीने कान टवकारले. माझा उजवा हात मोकळा होता, त्याची बोटं खोड्याच्या पाइपावर कधी चालू लागली, मला कळलंही नाही.

दादा फोन उलटासुलटा करून बघत होते. "ताई, बिघडलाय वाटतं तुमचा फोन. नुसती खरखर येतीय. बंद करू का?"

मी पाइपावरचा हात वर केला.

"पूर्ण ऐका," मी म्हटलं, "मग बोला."